बुधवारी सात ते आठ

तरणतलावाच्या दारात टीव्ही आहे, आवाज बंद.
नवा पंतप्रधान काळ्या दारापुढं उभा,
वाऱ्यानं त्याचा टाय उडून खांद्यावर बसलाय.
तिकिटाच्या खिडकीतली टिली तिकडं बघत नाही.
केस निळे, डोळे लाल.
माझं कार्ड ती उलटं परत देते.

कीथलीत बुधवारी सात ते आठ बायकांची वेळ.
अकरा वर्षं येतेय मी.
पहिले सहा महिने नुसतीच कठड्याला धरून उभी.
मग शगुफ्तानं मानेखाली हात घालून तरंगायला शिकवलं.
आभाळाकडं बघ, म्हणाली.
वर ट्यूबलाइट होत्या.

आज कपडे बदलायच्या खोलीत कुणाचंच कुणाला ऐकू येत नाहीये.
ग्लेनिस, वय एकाहत्तर, सत्तावीस वर्षं बस चालवलेली,
एक पाय मोज्यात, एक बाहेर:
मागच्यानं हेच सांगितलं. त्याच्या मागच्यानंही.
काल पत्रकारानं सरळ विचारलं होतं,
बाई कुणाला म्हणायचं, आणि बायकांचं दार कुणासाठी?
तो म्हणाला, सगळ्यांचा सन्मान राखला जाईल.
मग म्हणाला, माझी आई शाळेत स्वयंपाक करायची.

अशा दिवसासाठी प्रत्येकाजवळ एक आई असतेच,
बेव्हरली म्हणाली. ती आसरागृहातली रात्रपाळी संपवून आलेली.
तिथं रात्री दोनला कुणी बेल वाजवली
तर दार कुणाला उघडायचं, हे त्याच्या आईला विचारू का?

मला भिजत घोंगडं आठवलं.
इंग्रजीत कसं सांगणार?
खुंटीवरच्या टॉवेलांकडं बोट केलं.
असं. पिळायचं नाही, वाळत घालायचं नाही.
नुसतं जड होत जातं.
ग्लेनिसला पटकन कळलं. दुसरा मोजा चढवला तिनं,
आणि मग आठवलं, पोहायचं अजून बाकी आहे.

शगुफ्ता एवढंच बोलली:
इथं कोण येणार ते मला आधी सांगा,
माझ्या सुना येतील का ते मग मी सांगते.

मी काही बोलले नाही.
मिरजेच्या वसतिगृहात न्हाणीच्या दाराला एक भोक होतं.
आम्ही साबणाचा चुरा कोंबून बुजवायचो.
दर सोमवारी कुणीतरी उकरून ठेवायचं.
रेक्टरबाई म्हणायच्या, आत उगाच रेंगाळू नका.
तीन वर्षं मी अंधारात अंघोळ केली, दिवा मालवून.
सन्मान वगैरे शब्द तेव्हा ऐकले नव्हते.
एक फळी हवी होती, बिनभोकाची.

आणि औषधाच्या दुकानात मेरिअन आहे.
ह्यांच्या डोळ्यांचे थेंब संपायच्या आत तीच फोन करते.
तिचं जुनं नाव अर्ध्या गावाला माहीत आहे,
काहीजण मुद्दाम तेच घेतात, ती ऐकेल एवढ्या अंतरावर.
गेल्या आठवड्यात विचारलं तिनं,
पाणी कोमट असतं का हो हल्ली?
असतं, म्हटलं.
मला पोहायला फार आवडायचं, म्हणाली.
मी पावतीची घडी घातली. मग त्या घडीची घडी.

मला माझा तास हवा आहे.
हे मी तिला सांगितलं नाही.
ये, असंही म्हटलं नाही.
घरी येऊन थेंब फ्रिजमध्ये ठेवले
आणि फ्रिजचं दार जरा जोरात लावलं.

शिट्टी झाली. उताणी पडले पाण्यावर.
कान पाण्याखाली गेले की भांडण थांबतं,
म्हणजे, चालूच असतं, तोंडं हलताना दिसतात.
एक ट्यूबलाइट फडफडत होती.

आठला बाहेर आलो. टीव्हीवर तो आत गेलेला,
दार बंद, बाहेर एकटा पोलीस.
ग्लेनिस केस पुसत म्हणाली,
त्या दाराला बाहेरून कुलूपच नाही, ठाऊक आहे?
आतून कुणी उघडलं तरच उघडतं.

पुढच्या बुधवारी? टिलीनं विचारलं.
सवयीनं विचारलं, की खरंच,
ते तिच्या तोंडावरून कळेना.